चोवीस भाग आणि मुद्दा क्रमांक सात

नीळकंठराव पिंपळापुरे यांनी आयुष्यात तोंडी मत कधी दिलं नाही. भाजीत मीठ कमी आहे का, असं मंजुषाबाईंनी विचारलं तरी ते आधी चष्मा लावत, भाजीकडे पाहत आणि "तपासून कळवतो" म्हणत. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्यातली शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून. या काळात तहसीलदार आले आणि गेले, पण पिंपळापुऱ्यांनी एकदा लिहिलेली टिप्पणी कुणाला फिरवता आली नाही, आणि खुद्द त्यांनीही फिरवली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हिवरदरीत साधा नळजोडणीचा अर्ज लिहायचा असला की माणूस यांच्याच ओट्यावर येऊन बसे.

तर अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एक मुलीने जपानी कार्टून पाहायला सांगितलं.

"कार्टून नाही बाबा, ॲनिमे," ऋचा नागपुराहून फोनवर म्हणाली. "चोवीस भाग आहेत. सगळे बघा आणि तुमचं खरं मत कळवा. मला ते पाहिजे आहे."

एरवी नीळकंठरावांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्या वेळी घरात एक नाजूक प्रकरण प्रलंबित होतं. उमरखेडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, घराणं आपल्यातलं, पत्रिका जुळलेली, आणि मुलाकडच्यांना पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं. ऋचाने याआधी तीन स्थळं नाकारली होती आणि एकदाही कारण दिलं नव्हतं. कारणाशिवाय नकार ही गोष्ट नीळकंठरावांच्या समजुतीबाहेरची होती. पोरगी काय लपवून राहिली आहे, या विचाराने त्यांचं जेवण कमी झालं होतं.

"तिला सांगता येत नसेल म्हणून ती दाखवते आहे," मंजुषाबाई तूर निवडता निवडता म्हणाल्या. "नीट बघा. तिच्या मनातलं त्याच्यात असेल."

नीळकंठराव सोमवारी सकाळी अकराला टीव्हीसमोर बसले. अकरा ते पावणेसहा, मध्ये दीड ते दोन जेवणाची सुट्टी. मांडीवर वही. भागाचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, समाप्तीची वेळ, शेरा, असे चार रकाने आखलेले. दहा मिनिटांत शेजारचे बबनराव आले. बबनराव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस कुठे थांबत नसे, त्यामुळे तो बहुधा पिंपळापुऱ्यांकडे थांबे. मग भांडी घासायला आलेल्या बिजलीबाई हात पुसत दारात टेकल्या, त्या तिथेच राहिल्या.

मालिका अशी होती. केंजी नावाचा शाळकरी पोरगा. गावाबाहेर एक जुनी पाण्याची टाकी. त्या टाकीवर दिवेलागणीला शिओरी नावाची मुलगी दिसते, पण ज्याच्या हातात निळी छत्री असेल त्यालाच. ही मुलगी माणूस नाही, पाण्याचा आत्मा आहे. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. पण नियम असा की ज्या क्षणी दोघांपैकी कुणी मनातलं बोलून दाखवील, त्या क्षणी ती कायमची नाहीशी होईल. त्यामुळे दोघं चोवीस भाग ढग, परीक्षा आणि नूडल्स या तीन विषयांवर बोलतात. शिवाय टेकडीवर सात म्हाताऱ्या कोल्ह्यांची पंचायत आहे. तेच शिओरीचे वडीलधारे. ते दर तिसऱ्या भागात शेपट्या हलवत ठराव करतात की मुलगा आपल्यातला नाही.

"हे पोट्टं बोलत काहून नाई?" दुसऱ्याच भागात बबनरावांनी विचारलं.

"नियम आहे, बबनराव."

"नियम कोनं काढला?"

"कोल्ह्यांनी."

"मंग त्याइले धरा ना!" बिजलीबाई दारातून म्हणाल्या.

बारा भागांपर्यंत हिंदी होतं. तेराव्यापासून पात्रं अचानक जपानी बोलायला लागली आणि खाली इंग्रजी पट्टी धावायला लागली. आता नीळकंठरावांवर भाषांतराची जबाबदारी येऊन पडली. ते पट्टी वाचून सांगत, तोवर पुढची पट्टी निघून जाई. "तो म्हणतो, ढग आज खाली आले आहेत." "आनि ते काय म्हन्ते?" "ती म्हणते, हो." एवढ्यासाठी बबनराव दोनदा मागे न्यायला लावत. विसाव्या भागाला वीज गेली आणि दीड तास मंजुषाबाईंसकट चौघं बंद पडद्यासमोर बसून, पोरगी कोल्ह्यांना सापडली असेल का, यावर वाद घालत राहिले. नीळकंठरावही त्यात होते. पण त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.

बुधवारी चार वाजता चोविसावा भाग आला. शिओरी काही न बोलता निघून गेली. केंजी तिला विसरला. टाकीवर निळी छत्री उरली, तिच्यावर एक फुलपाखरू बसलं, आणि नावं यायला लागली.

"म्हंजे लगन नाई?" बबनराव उभेच राहिले. "तीन दिवस मी इथं बसून राह्यलो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, आनि लगन नाई?"

बिजलीबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. "कोल्ह्याइनं घात केला," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी भांडी न घासताच गेल्या.

नीळकंठरावांची मोठी निराशा झाली होती. इतकी वर्षं प्रकरणं निकाली काढलेल्या माणसाला चोवीस भागांनंतर निकाल मिळू नये, हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटला. ते टेबलाशी बसले, पेनचं टोपण काढलं आणि मत लिहायला घेतलं.

"प्रति, कु. ऋचा नीळकंठ पिंपळापुरे, नागपूर. विषय: युवती बेपत्ता झालेल्या मालिकेबाबत अभिप्राय. संदर्भ: आपला दूरध्वनी." पुढे अकरा मुद्दे. पहिल्यात म्हटलं होतं की चोवीसपैकी एकोणीस भागांत नायक व नायिका आकाशाकडे पाहतात, याची आवश्यकता स्पष्ट होत नाही. तिसऱ्यात, सदर युवती पाण्याच्या टाकीवर विनापरवाना वास्तव्य करत असून टाकीची शेवटची साफसफाई केव्हा झाली याची नोंद आढळत नाही. पाचव्यात, युवती बेपत्ता झाल्यावर कोणीही तपास करत नाही, ही बाब गंभीर आहे. आणि मग सातवा. सातवा लिहिताना त्यांना खरोखरच राग आला होता, आणि रागात त्यांचं अक्षर अधिकच सुंदर येई.

"मुद्दा क्र. ७, मुख्य दोष. युवतीने मनातले वडीलधाऱ्यांस वेळीच सांगितले असते तर पुढील अनर्थ टळला असता. परंतु ते ऐकून घेणारे असतील तरच मुलगी सांगते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. कोल्हे मंडळींनी केवळ 'मुलगा आपल्यातला नाही' या एका कारणावरून प्रकरण नामंजूर केले. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी व मुलीस पसंत असल्यास सदर कारण ग्राह्य धरता येत नाही. सबब, कोल्ह्यांचा निर्णय रद्द होण्यास पात्र आहे."

खाली सही, तारीख. आणि सहीच्याही खाली, डाव्या कोपऱ्यात, हात थांबायच्या आत हाताने आपणहून लिहून टाकलं: "प्रतिलिपी: १) मा. तहसीलदार, २) मा. मुख्याधिकारी, नगरपंचायत, हिवरदरी, ३) मा. ठाणेदार, यांना माहितीस्तव सविनय सादर. ४) निवड नस्ती." यात, शेवटच्या फाइलच्या प्रतीसकट, त्यांचा काही हेतू नव्हता. चौतीस वर्षांत प्रतिलिपीशिवाय एकही कागद त्यांच्या टेबलावरून गेला नव्हता. लग्नाआधी मंजुषाबाईंना लिहिलेल्या पहिल्या पत्राचीही एक प्रतिलिपी सासऱ्यांना गेली होती, आणि त्यावरून त्या घरात काय झालं ते मंजुषाबाई अजून सांगतात.

गुरुवारी सकाळी बबनराव बाजारात निघाले तेव्हा नीळकंठरावांनी कागद त्यांच्या हाती दिला. "पाकिटात घालून स्पीड पोस्टाने टाका. पत्ता मागे आहे."

बबनराव परतले ते दुपारी. घामाघूम, पण चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं तेज. त्यांनी टेबलावर एक पोस्टाची पावती आणि तीन झेरॉक्स ठेवल्या. तिन्हींवर गोल शिक्के होते.

"सायेब, तिन्ही जागची पोच आनली. ठाण्यात तं दोन घंटे बसून राह्यलो, पन शिक्का घेतल्याबिगर उठलो नाई."

"तिन्ही जागची म्हणजे?" नीळकंठरावांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला.

"तुमीच लिवलं ना खाली. प्रतिलिपी. मी का तुमाले आज वयखतो?"

आता इथे दुसरा कुणी असता तर धावत जाऊन कागद परत घेऊन आला असता. पण नीळकंठरावांना कचेरी माहीत होती. एकदा आवक क्रमांक पडला की तो कागद राहत नाही, त्याचं प्रकरण होतं. आणि प्रकरण मागे घ्यायचं तर "सदर पत्र अनवधानाने सादर झाले" असं लेखी द्यावं लागतं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून लिहून घेतलं होतं. स्वतः लिहिण्यापेक्षा त्यांनी गप्प बसणं पत्करलं.

शुक्रवारी ठाण्यातून जमादार मारोतराव आले. ओट्यावर बसले, वही उघडली. "बेपत्ता युवतीचं वय काय?"

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा नीळकंठरावांचा स्वभावच. "सतरा. अर्थात माणसांच्या हिशेबाने."

"अंगावर काय होतं?"

"शाळेचा गणवेश. निळी छत्री."

"शेवटची कोनाले दिसली?"

"आमा चौघाइले," बबनराव पुढे सरसावले. "याच घरात. परवा, चार वाजता." ते "टीव्हीवर" असं पुढे म्हणाले होते, हे ते आजही शपथेवर सांगतात. पण तोवर समोरच्या घरातलं कपडे वाळत घालणं थांबलं होतं आणि निम्मी गल्ली कामाला लागली होती.

मारोतरावांना सगळं समजायला अर्धा तास लागला. मग त्यांनी वही मिटली, टोपी काढली आणि पुष्कळ वेळ डोकं खाजवलं. "पिंपळापुरे साहेब," ते शेवटी म्हणाले, "माझ्या पहिल्या बदलीचा अर्ज तुमीच लिहून देल्ता. म्हनून काही बोलत नाही."

ते गेले, पण बातमी गेली नाही. पिंपळापुऱ्यांच्या घरातून मुलगी बेपत्ता झाली, आणि पिंपळापुऱ्यांना मुलगी एकच. एकजण व्हॉट्सॲप गटावर टाकायला फोटो मागायला आला. एकीने दारावर लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला आणि उत्तराची वाट न पाहता बांधूनही टाकली. एका सद्गृहस्थाने नीळकंठरावांचा हात हातात घेऊन "धीर धरा" म्हटलं आणि जाता जाता घर विकायचं आहे का ते विचारलं. संध्याकाळी खुद्द ऋचाचा फोन आला.

"बाबा, मी बेपत्ता आहे म्हणे."

"चौकशी सुरू आहे," नीळकंठराव सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी मंजुषाबाईंच्या हाती फोन दिला.

त्याच संध्याकाळी उमरखेडहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांचा काही आक्षेप नव्हता, असं ते चारदा म्हणाले. फक्त मुलगी कुठल्या टाकीवाल्यासोबत गेल्याचं कानावर आलं, तेव्हा तूर्त राहू द्यावं. "कारण लेखी कळवा," नीळकंठराव कसेबसे म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला.

त्या फोननंतर ते वऱ्हांड्यात येऊन बसले. स्थळ गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून, चोवीस भाग डोळे फोडून पाहूनही मुलीच्या मनात काय आहे ते कळलं नव्हतं, याचं जास्त होतं. भरीस भर म्हणून शनिवारी सकाळी तहसिलातून पाकीट आलं. "आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने त्रुटीपूर्ततेसाठी परत." हा छापील मजकूर वीस वर्षांपूर्वी नीळकंठरावांनीच तयार केला होता. आपल्याच हातचा मजकूर आपल्यावर आलेला पाहून त्यांनी पाणी मागितलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात हिरवी फाइल आणि मोजपट्टी घेतलेला एक तरुण उभा होता.

"नमस्कार काका. मी कपिल गावंडे. नगरपंचायतीत पाणीपुरवठ्याचा अभियंता आहो. तुमच्या मुद्दा क्रमांक तीनसाठी स्थळपाहणीले आलो."

नीळकंठरावांनी नाव ऐकलं होतं. हा वर्षभरापूर्वी आला आणि वॉर्डातले नळ ठरल्या वेळेला यायला लागले. "गावंडे म्हणजे महागावचे?"

"हो जी. घरी सोयाबीन, तूर. पंजाबराव गावंडे माझे बाबा."

त्याने चपला बाहेर काढल्या, फाइल उघडली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "टाकी कुठी आहे?"

"जपानात."

"मंग 'टाकी या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही, सबब प्रकरण निकाली' असं लिहितो."

नीळकंठरावांनी मान वर केली. आठवडाभरात नीट वाक्य लिहिणारा हा पहिला माणूस भेटला होता. "लिहा," ते म्हणाले. "आणि 'सबब'च्या आधी स्वल्पविराम द्या."

कपिलने दिला. मग थोडं घुटमळून म्हणाला, "मुद्दा सात आमच्या विभागाचा नाही, काका. पण फाइल पूर्ण पाहिजे. तो मुद्दा तुम्ही कायम ठेवता का?"

"म्हणजे?"

"मागाहून बदलणार तर नाही ना?"

"मी दिलेला अभिप्राय बदलत नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही."

"मंग तेवढं लिहून द्या. खाली सही."

नीळकंठरावांनी "मुद्दा क्र. ७ कायम" असं लिहिलं, सही केली आणि साक्षीदार म्हणून बबनरावांची घेतली. बिजलीबाईंनी न विचारता पुढे होऊन अंगठा उठवला. त्या कागदावर विशेष लक्ष ठेवून होत्या. या सगळ्या वेळात कपिलने भिंतीवरच्या ऋचाच्या पदवीदानाच्या फोटोकडे सात वेळा पाहिलं. नीळकंठराव शुद्धलेखन तपासत होते, त्यामुळे हे फक्त मंजुषाबाईंनी मोजलं. त्यांनी त्याच्यापुढे चहाचा तिसरा कप ठेवला आणि शेवेचा डबा उघडला.

रविवारी दुपारच्या दिग्रस गाडीने ऋचा आली. बेपत्ता मुलगी परत आल्याचं पाहायला गल्ली लोटली होती. बिजलीबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ऋचा आत येऊन पाणी प्यायली, मग तिने पिशवीतून एक कागद काढला आणि वडिलांसमोर टेबलावर ठेवला.

"तुमच्याकडे तोंडी चालत नाही ना बाबा. म्हणून लेखी आणलं."

नीळकंठरावांनी चष्मा लावला.

"विषय: विवाहास संमती मिळणेबाबत. संदर्भ: आपला अभिप्राय, नगरपंचायत आवक क्र. ४१८, मुद्दा क्र. ७, कायम केल्याच्या नोंदीसह. उपरोक्त विषयान्वये विनंती की अर्जदार व श्री. कपिल पंजाबराव गावंडे हे यवतमाळला कॉलेजात एकत्र होते. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी व मुलीस पसंत आहे."

फाटकाबाहेर कपिल उभा होता. हातात हिरवी फाइल होती, पण ती धरण्यात कालची ऐट नव्हती.

नीळकंठराव अर्जात चूक शोधू लागले. तारीख बरोबर होती. संदर्भ बरोबर होता. समास सोडलेला होता. "हे... ते सगळं मी त्या कार्टूनबद्दल लिहिलं होतं," ते म्हणाले.

"कार्टून नाही बाबा, ॲनिमे."

"पण ऋचा, तो आपल्यातला—"

इतकं बोलून ते थांबले. मंजुषाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. बबनराव पाहत होते. दारात पदराला हात पुसत उभ्या असलेल्या बिजलीबाईंनी त्यांच्याकडे नीट रोखून पाहिलं आणि हळूच एकच शब्द उच्चारला.

"कोल्हा."

नीळकंठरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी मुलीला विचारलं, आणि या वेळी आवाजात कचेरी नव्हती. "मला आधी का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटायचं," ऋचा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी या घराला कायमची नाहीशी होईन, याची भीती वाटायची. म्हणून तुम्हाला ती मालिका दाखवली. तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता, ते पाहायचं होतं."

नीळकंठरावांनी पेनचं टोपण काढलं. अर्जाच्या समासावर नेहमीच्या जागी पेन टेकवलं. पण अक्षर उमटेना, कारण चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या आणि कागद दिसत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पेन ठेवलं, फाटकाबाहेरच्या मुलाकडे पाहिलं आणि आयुष्यातलं पहिलं तोंडी मत दिलं.

"हो," ते म्हणाले. "ये रे आत, उन्हात कशाला उभा आहेस?"

ऋचा कुठेही नाहीशी झाली नाही. ती तिथेच खुर्चीत बसून हमसाहमशी रडत होती, मंजुषाबाई तिला थोपटत होत्या, आणि बिजलीबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या की शेवट असा पाह्यजे होता, असा.

बबनराव मात्र केव्हाच चपला घालून तयार झाले होते.

"तोंडी नाई चालत, सायेब," ते म्हणाले. "लिहून द्या, आनि खाली पंजाबरावाइची प्रतिलिपी टाका. चारची महागाव गाडी आहे, मी आत्ता पोच घेऊन येतो."